ब्याऐंशी

मुंबईत हीटर कोण लावतं?
सव्वीस वर्षं माझ्याकडे एकच गाऱ्हाणं :
गॅस भरा, कूलिंग येत नाही.
नॉबची लाल बाजू बहुतेक गाड्यांत
कंपनीतून आली तशीच कोरी.

तळपद्यांची एस्टीम आली ती मार्चातल्या दुपारी.
शिवडीत डांबर चपलेला चिकटत होतं
आणि मागच्या सीटवर काका,
माकडटोपी घातलेले, मांडीवर सोलापुरी चादर.
"डायलिसिसहून निघालो की हाडं वाजतात यांची,"
मुलगी म्हणाली. "परळ ते कॉटन ग्रीन,
तेवढीच ऊब हवीय.
हीटर लावला तर कुणी फुंकर मारल्यासारखं येतं."

मुबिन हसला.
त्याला दहाचा पान्हा आणायला पिटाळलं.

हात हाच पहिला मीटर.
बॉनेटखाली भिंतीत शिरणारे दोन होज.
जाणारा धरला : कोमट.
परतणारा धरला : गार.
म्हणजे आजार दोन.

पहिला सोपा. होज सोडवले,
परतीच्या वाटेनं उलटं पाणी घुसवलं.
आधी काहीच नाही.
मग खोकल्याची उबळ यावी तसं
भसकन बाहेर पडलं, चहाच्या चोथ्यासारखं,
कूलंटऐवजी नळाचं पाणी प्यायलेली सगळी वर्षं.
काका काचेतून बघत होते.
"माझंही असंच धुतात, आठवड्यातून तीनदा.
तुझं लवकर उरकतं एवढंच."
या वेळी मुबिन हसला नाही.

दुसरा.
इंजिन वीस मिनिटं चालू, तरी काटा
पावावर येऊन आळसावलेला.
थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं, दोनच बोल्ट.
आत पोकळ. जागा आहे, राहणारा नाही.

आणि झाकणाच्या कडेला निळं सिलिकॉन,
बोटानं फिरवलेलं,
शेवटाला अंगठ्यानं दाबून पुसलेलं.
असं मीच पुसतो.
दोन हजार नऊचा मे. गाडी चेंबूरला उकळली होती.
मी ऐटीत म्हणालो होतो,
हा पार्ट थंड मुलखातला, मुंबईत कशाला?
काढून भंगाराच्या डब्यात टाकला
आणि वर पन्नास रुपये घेतले.

सांगितलं. मुलीला नाही, काकांना.
ते म्हणाले, "तेव्हा मला उकडायचं रे."

नवा आला ऑपेरा हाऊसहून. कडेला कोरलेलं : ८२.
बसवण्याआधी सुतळीला बांधून
शेजारच्या चहावाल्याच्या टोपात सोडला.
मुलीच्या पर्समध्ये थर्मामीटर होता,
पण तो बेचाळीसलाच संपतो, माणसाचा.
मग नुसतं बघत बसलो.
बुडाशी बारीक बुडबुडे, कडेला वाफ,
उकळी अजून लांब,
आणि तो उघडला, झोपेतून पापणी उघडावी तसा.
काका खिडकीतून वाकून : "उघडला बघ!"

"याचं काम काय पण?" मुबिननं विचारलं.
पाण्याला जरा थांब म्हणायचं.
आतल्या आत तापू द्यायचं.
मग जा म्हणायचं.

पुढची चाकं फुटपाथवर चढवली,
रेडिएटरचं झाकण उघडं ठेवलं.
अडकलेली हवा
बराच वेळ एकेक बुडबुड्यानं कुरकुरत राहिली.
मग गप्प.

काटा मधोमध.
काकांना पुढच्या सीटवर घेतलं, काचा वर, नॉब लाल टोकाला.
दोन मिनिटांत माझ्या शर्टाचं पोतेरं झालं,
बाहेर मुबिन वेड्यासारखा हातवारे करत होता,
आणि काकांनी टोपी काढली.
पट्टी बांधलेला डावा हात
जाळीपुढे धरून ठेवला,
पंजा उलटा, सुलटा, पुन्हा उलटा.

बिलात फक्त पार्ट लावला.
"आणि ते पन्नास वजा केलेत," मी म्हणालो.
काकांनी डोळे न उघडता विचारलं,
"व्याज?"