बुडबुडा

तपकिरी काचेची बोटभर शिशी.
तळाशी चार पांढरे खडे,
क्लोरीनला आहे तिथंच थांबवायला.
तोटी पाच मिनिटं वाहू द्यायची,
मग धार दोऱ्याएवढी करायची
आणि भरत राहायचं,
तोंडावर पाण्याची पाठ फुगेपर्यंत.
झाकण. उलटी.
आत बुडबुडा नको.
जे शोधायचंय
ते बुडबुड्यात बसून निघून जातं.

"अर्धा घंटा झाला वं पोरी,
एवढुशी शिशी भरून राह्यली."
पंचफुलाकाकू गुंड टेकवून उभ्या.

शेलुद्याच्या विहिरी खारट.
धरणाचा नळ आला
त्या दिवशी डाळ पहिल्यांदा मऊ शिजली, म्हणतात.
तेच पाणी डोंगरातून उतरताना
सागाच्या कुजक्या पानांचा काढा होऊन येतं.
टाकीवर शेषराव पावडर कालवतो,
दोन ओंजळी, पावसाळ्यात तीन,
आणि पाइपाच्या अंधारात
पान नि पावडर यांची गाठ पडते.
त्यातून जे होतं ते ट्रायहॅलोमिथेन.
कुणी विचारलं तर मी सांगते,
भांडं घासल्यावर
भांड्याला राहिलेला साबण.

शेषरावला ओंजळ कमी कर म्हणून पाहिलं.
पावडर संपली होती त्या वर्षी
शाळेच्या व्हरांड्यात, खिडकीच्या गजांना
सलाईनच्या बाटल्या बांधलेल्या.
दुसऱ्या गजाखाली त्याची बहीण होती.
तो हे बोलत नाही.
ओंजळ शिगेची भरतो.

"वास येते म्हून मी गुंड
रातभर उघडा ठेवतो.
सकाळी वास गेलेला राह्यते."
बरोबर करता, काकू.
"पण जाते कुठी वं तो?"

मी शिशी उलटी धरली.
खांद्याशी मोहरीएवढा एक.
ओतून दिली, पुन्हा दोरा लावला.

गुंड कुठं ठेवता?
"उशाशी. कुत्रं तोंड घालते नाहीतं."
खिडकी आहे?
"हाय ना. मच्छराइपायी लावलेली राह्यते."

निघताना त्यांनी ग्लास पुढं केला,
रात्रीचं पाणी.
वास नव्हता. पिऊन टाकलं.

फॉर्मवर गाव, नळ, वेळ, तापमान, वास.
खाली शेऱ्यासाठी दीड ओळ जागा,
तिथं 'खिडकी' लिहिलं आणि खोडलं.

बर्फ कुल्फीवाल्याकडून, दहा रुपयांचा.
साडेचारची दर्यापूर गाडी,
खोका मांडीवर.
रिपोर्ट नागपूरहून तीन आठवड्यांनी.
नाल्याच्या पुलापर्यंत
सलवार गुडघ्यापर्यंत ओली,
आणि शेजारची बाई विचारतेय,
मासोळ्या हायेत काय वं?