नावे

रामदासपेठ. मे महिना. बाहेर सेहेचाळीस.
गोमकाळे ट्रस्टच्या बैठकीत
मी इतिवृत्त लिहायला बसतो तिथे
एसीचं पाणी ठिबकतं, वहीपासून वीतभर दूर.

पहिला विषय मागच्या सभेचा, मंजूर.
दुसरा पाणपोईचा. पाटीवर अक्षरं सोनेरी की काळी
यावर पाऊण तास.
तिसरा केतकीचा.

तिनं गॅलरीतून टिनाचा तुकडा आणला,
सकाळपासून उन्हात ठेवलेला.
अर्धा नुसता, अर्धा पांढरा रंगवलेला.
"हात लावा."
पुंडलिकभाऊंनी नुसत्या बाजूला लावला,
आणि बोटं तोंडात घातली
लहान मुलासारखी.

वाठोड्याच्या सात बाया हा रंग करतात.
त्यांना चाळीस लाख, आठ वर्षं, तीन टक्क्यांनी.
"देऊन वापस मागाचं, हे कोणतं दान होय वो?"
"दान नाही काका, भांडवल.
परत आलं की पुढच्या वस्तीला."
"अन् पाटी?"
"छतावर लावू. घारी वाचतील."

कुमुदताई तोवर गप्प होत्या.
पहिला ट्रक त्यांच्या पाटल्या मोडून घेतलेला,
उमरेडच्या खाणीतून कोराडीला, अठ्ठ्याहत्तर साली.
त्यांनी मला विचारलं,
"मेश्राम, आपण आजवर कोळसा किती वाहिला?"
एकतीस लाख टन. तोंडपाठ होतं.
"आणि त्याचा धूर कोणाच्या नावे टाकला?"

एसीचं पाणी ठिबकत राहिलं.

चाळीस वर्षं मी वह्या लिहिल्या.
जमा असेल तर कुठेतरी नावे असतंच.
डिझेल, टायर, ड्रायव्हरची उचल,
नाक्यावरचा चहासुद्धा मी नावे टाकला आहे.
खापरखेड्याला माझी बहीण
दोरीवरचं धुणं राख झटकून पुन्हा धुवायची.
तो साबण कोणत्याच वहीत नाही.

माझंही घर टिनाचंच, वाठोड्यालाच.
रात्री दोनदा उठून आम्ही फरशीवर पाणी मारतो.
हे मी सांगितलं नाही.
हिशेबनिसाचं मत इतिवृत्तात येत नाही,
आणि कोणी विचारलंही नव्हतं.

ठराव मंजूर. पुंडलिकभाऊंचा विरोध नोंदवला,
त्यांच्याच शब्दांत, "वो" वगळून.
पाणपोईची अक्षरं सोनेरी ठरली.

सगळे गेल्यावर मी मोठी वही काढली.
कोऱ्या पानावर वर लिहिलं: धूर.
रक्कम काय लिहावी कळेना.
टनात लिहावी की रुपयांत,
की रात्री मारलेल्या बादल्यांत.
तारीख तेवढी घातली.

टिनाचा तुकडा कोणाला नको होता.
स्कूटरच्या पायाशी आडवा ठेवून घरी नेला.
"हे काय आणलं अजून भंगार?" शेवंता म्हणाली,
आणि अंगणातल्या रांजणावर
झाकण म्हणून घातला.
उलटा.
मी उठून पांढरी बाजू वर केली.