बेणं

पुकारूमीत बटाटा पिकतो, दुसरं फारसं काही नाही.
ज्या वर्षी करपा पडतो
त्या वर्षी म्हातारे बांधावर बसून वाद घालतात:
रोग बेण्यात होता, मातीत होता
की खालच्या दरीतून वाऱ्यावर आला?
वाद मिटत नाही.
लागवडीचे दिवस मात्र येतातच.

लिमाहून आलेली मुलगी टेपरेकॉर्डर मधे ठेवून विचारते,
सातुर्निनाबाई, तुमचा अजून विश्वास आहे त्यावर?
कशावर, ते ती म्हणत नाही.
भिंतीवर आहेच ते. तीनदा चुना मारला,
लाल वर येतंच.

जमीन कसणाऱ्याची.

मी लिहिलेलं हे पहिलं वाक्य.
एलेउतेरियो मास्तर खडू पुरवून वापरायचा,
नखाएवढा उरला तरी.
त्याआधी माझा बाप जमीनदाराच्या कारकुनापुढे
टोपी काढून उभा राहायचा
आणि अंगठा उठवायचा, कशावर ते न कळता.
मी कागद वाचून दाखवला त्या दिवशी
बाप टोपी घालून घरी आला.
एवढंच.
पण तू ती टोपी पाहिली नाहीस.

पाच वर्षांनी ते रात्री आले.
बाजार बंद, असा हुकूम होता,
आणि माझ्या भावानं, सेवेरीनोनं,
चीजचे चार गोळे खाली नेऊन विकले होते.
मीठ संपलं होतं.
बंदुकीच्या गोळ्या महाग, म्हणून दगड.
चीजचे गोळे चार, माणसं अकरा.
तोंडं बांधलेली होती सगळ्यांची.
पण मास्तर शेवटच्या अक्षराचं शेपूट
वर वळवायचा,
सकाळी भिंतीवर तसंच वळलेलं होतं.

पुरताना पाद्री आन्सेल्मो म्हणाला,
पाहिलंत? त्या विचाराला हीच फळं येतात.
मी त्याच्या घंटेकडे पाहिलं.
आजी सांगायची, त्याच घंटेच्या दोरीला बांधून
तिच्या पणजीला फटके मारले होते,
डोंगराला मक्याची दारू पाजली म्हणून.
तरी आमची अकरा त्याच घंटेखालून नेली.
गावात दुसरी घंटा नव्हती.

महिन्यानं सैनिक आले, गळ्यात क्रूस,
आणि ज्यांना वाचता येतं
त्यांना वेगळं उभं केलं.
ते आज सांगत नाही.

काही म्हणतात, मास्तर खरा नव्हताच,
खरा विचार असं करत नाही.
सोपं आहे.
अकरा थडग्यांवर हात झटकायचे,
विचार पुन्हा कोरा करकरीत.
माझ्याकडे ती वही आहे.
पानाच्या एका बाजूला: जमीन कसणाऱ्याची.
उलटल्यावर: रक्ताची नदी ओलांडल्याशिवाय
पलीकडचा काठ नाही.
दोन्ही माझ्या अक्षरात.
दोन्हींखाली शाबासकी.
दहा वर्षांची होते,
लिहिताना अडखळले नव्हते, मुली.
पान फाडलं तर दोन्ही जातात.

म्हणजे नाही? ती विचारते.

मी तिला कोपऱ्यातले कडू बटाटे दाखवते.
तसेच शिजवले तर पोट धरून लोळावं लागतं.
म्हणून रात्रीच्या हिमात पसरायचे,
सकाळी अनवाणी तुडवायचे,
मग ओढ्यात ठेवायचे, दिवसच्या दिवस.
कडूपण जातं. बरंचसं.
पण ही बटाट्याची गोष्ट.
विचार कुठल्या ओढ्यात ठेवतात
मला ठाऊक नाही.

बापाची टोपी खोटी होती
असं मी म्हणणार नाही.
सेवेरीनोला त्याच्या मोज्यांवरून ओळखलं,
हेही कमी करणार नाही.
दोन्ही एका ओळीत लिहून घे,
मधे "पण" घालू नकोस.

ती जबानीचा कागद पुढे करते.
अंगठ्यासाठी शाईची डबीही आणली आहे तिनं.
मी पेन मागते.
सातुर्निना, मग आडनाव, सावकाश.
शेवटच्या अक्षराचं शेपूट वर वळतं.
हात तसाच शिकला आहे.