पायाहून मोठा आकडा

जानेवारी सुरळीत गेला.
फेब्रुवारी, मार्च, थेट जुलैपर्यंत
ताटकेकाकांच्या वहीतल्या तिथी
एकेक करून फाइलीत उतरल्या.
रामबागेत रात्रीचा एक वाजला होता,
खालच्या कुत्र्यानंही पहारा सोडला होता.

मग ऑगस्ट आला आणि शेल अडून बसलं:
शून्य आठ. पायाहून मोठा आकडा.
सप्टेंबरलाही तेच.
ऑक्टोबर पुन्हा गुणी बाळ.

मी मधल्या रेघा काढल्या, परत घातल्या,
वहीवर संशय घेतला
(काकांचा नऊ एकासारखाच दिसतो),
चहा केला, तो ओट्यावरच विसरले.

पुढे शून्य दिसलं की हे यंत्र
आठाच्या पायानं मोजू लागतं,
आणि त्या मोजणीत सातानंतर थेट दहा.
म्हणजे गणपती नाहीत,
पितृपक्ष नाही,
सुलभावहिनींच्या जुळ्यांचा वाढदिवस नाही.
दोनशे बारा सभासदांच्या मंडळातून
दोन महिने उचलून नेलेले,
आणि मला तीन तास पत्ता नाही.

पाया दहाचा आहे रे बाबा,
हे त्याला आधी सांगावं लागतं.
सांगितलं.
आठ आला, नऊ आला,
लग्नाला उशिरा पोचलेल्या पाहुण्यांसारखे, काही न बोलता.

आणि मग सगळेच आदल्या दिवशी येऊन बसले!
इंदुरातली मध्यरात्र म्हणजे
ग्रीनिचची आदली संध्याकाळ, साडेसहा.
अख्ख्या दिवसाला घड्याळ बांधूच नये,
नुसती तारीख लिहावी.
एवढं शिकायला साडेतीन वाजले.

वहीच्या समासात पेन्सिलीनं काकांची टीप:
'आपला भाद्रपद वद्य, दुबेंचा आश्विन कृष्ण.
दिवस तोच.
विचारल्यास दोन्ही सांगणे. वाद नको.'
चाळीस वर्षं हा माणूस
जिना चढता-उतरता महिने बदलत होता,
वरच्या मजल्यावर एक, खाली दुसरा,
आणि दुबेभाभींच्या घरी कधी
नैवेद्य चुकल्याचं ऐकलं नाही.
हे कुठल्या ओळीत बसवायचं, कळेना.
टीप जशीच्या तशी
वर्णनाच्या रकान्यात टाकली, फाइल पाठवली.

सकाळी कचरागाडीचं गाणं आलं.
एका हातात ओला, एका हातात सुका,
मी डोळे चोळत खाली.
काका फाटकाशी उभे,
फोन हातभर लांब धरलेला.
"छान झालंय," म्हणाले. "फक्त आमची मंडळी
दोनदा आलीय. आठलाही, नऊलाही."

"मधली नोंद राहिली, काका. काढते."

फोन खिशात गेला, पुन्हा बाहेर आला.
"काढ," म्हणाले.
"घाई नाही. जेवण झाल्यावर काढ."