कमानपाटे

बावीस वर्षं आम्ही गाडीच्या टपावर चढवत आलो.
तोर्कल पुढून, मी मागून,
"एक, दोन," आणि तीन म्हणायच्या आधीच तो उचलायचा.
दर वेळी.
मार्चमध्ये त्याचा खांदा गेला.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोक्याच्या वर काही नाही,
चहाचा डबासुद्धा नाही.
डबा मी खालच्या फळीवर आणला.
कयाक राहिल्या.

म्हणून ट्रेलर.

स्टॉर्नोवेच्या दुकानात एक होता, नवाकोरा,
जस्ताचा मुलामा असा की त्यात ढग दिसावेत.
किंमत ऐकून तोर्कलने खिशातले हात
बाहेरच काढले नाहीत.
दांडी आखूड होती, तेही खरं.
सतरा फुटांची नाव, वळणावर तिचं नाक
थेट गाडीच्या काचेत.
आणि दांडी लांब घ्यावी, तर बोटवाले
लांबी मोजून भाडं लावतात,
मधल्या हवेचंसुद्धा.
बेटाबाहेर जायचं किती वेळा, मी विचारलं.
वर्षातून एकदा, तो म्हणाला.
मग म्हणाला, गेल्या वर्षी नाही गेलो.

दुसरा उत्तरेच्या टोकाला, एका बाईच्या अंगणात.
चाकं इवलीशी, ढकलगाडीला शोभतील अशी.
"लहान चाक जास्त फिरतं," तोर्कल म्हणाला,
"फिरलं की तापतं,
आणि तापलेलं बेअरिंग खाऱ्या पाण्यात उतरवलं
की पाणी पितं."
"आमच्या ह्यांचंही तसंच," बाई म्हणाली,
आणि आम्हाला चहा दिला.

तिसरा इवरकडे,
जळणासाठी रचलेल्या पीटच्या राशीमागे.
मेंढ्या वाहायचा, बिजागरीत अजून लोकर.
तळ सडका, पण आस सरळ, चाकं मोठी.
वाकून बघू देण्याआधी इवरने विचारलं,
"किती नावा?"

तोर्कल म्हणाला, चार.
मी म्हणाले, दोन.

एकाच वेळी. इवर लांबच्या एका मेंढीकडे
फार लक्ष देऊन बघू लागला.

चार होत्या. आहेत, शेडमध्ये.
निळी शोनाकची, तिच्या सीटखाली उंदरांनी संसार थाटलाय,
पिवळी रूअरीची.
शोनाक अबर्डीनला, दातांच्या दवाखान्यात.
रूअरी पर्थला. इथल्या नव्हे, त्या दुसऱ्या.
फोनवर विचारतो, समुद्र कसा आहे,
जणू समुद्र आजारी होता.

मी पैसे मोजले.
रविवारी इथे कुणी काही विकत नाही, ओढत नाही,
म्हणून शनिवारीच, दिवस आहे तोवर, घरी आणला.
गुरं अडवायच्या लोखंडी जाळीवरून
मोकळा ट्रेलर असा उधळला
की वाटेतल्या कुत्र्यांची सोमवारपर्यंतच्या
भुंकण्याची बेगमी झाली.

दोष कमानपाट्यांचा.
पाच पाटे, एकावर एक, भरल्या ओझ्यासाठी घडवलेले.
तोर्कल डाव्या हातात पाना धरून समजावतो,
उजवा नुसता साक्षीला:
हलक्या ओझ्याला कडक पाटे चालत नाहीत,
प्रत्येक खड्डा नावेच्या अंगात जातो.
"ओझं कमी झालं," तो आसाखालून म्हणाला,
"की पाटे काढायचे.
लोक वर दगड ठेवतात. वेडे."

कुणाला म्हणाला, कळलं नाही.
मला फक्त त्याचे बूट दिसत होते.

तीन काढले, दोन ठेवले.
काढलेल्या तिन्हींना तेल लावलं, गोणपाटात बांधलं
आणि निळ्या नावेच्या पोटात ठेवलं,
कधी परत लागलेच तर, असं काही न बोलता.
उंदरांना मात्र मीच हलवलं.

सोमवारी वारा पडला होता.
आता कमरेइतकंच उचलायचं.
तो पुढे, मी मागे, माझी लाल नाव मध्ये.
"एक, दोन," तो म्हणाला,
आणि थांबला.
मीही थांबले.
तीन मी म्हणायचं असतं
हे बावीस वर्षांत मला कुणी सांगितलंच नव्हतं.