चपलांची तोंडं

क्योटोत हिसाएबाईंच्या घरी
आत जाऊन मागे पाहतो तर
त्यांनी माझे बूट, हातानं उचलून,
दाराकडे तोंड करून ठेवलेले.
म्हटलं, आलो नाही तोच
निघा म्हणतात की काय?
चहा घशाखाली उतरेना.

निघताना कळलं.
पाय सरळ बुटात गेले,
वळावंसुद्धा लागलं नाही.

काल एरंडवण्यात, नळ गळतो म्हणून
पाचर्णे आले.
ते ओट्याखाली वाकलेले,
तेवढ्यात मी त्यांच्या चपला फिरवल्या.
त्यांनी पाहिलं. पाना खाली ठेवला.
"घाई आहे का साहेब?"

सांगायचं तर
पार जपानपासून सुरुवात करावी लागणार.
मी आधण ठेवलं,
विचारलं,
"साखर किती घेता?"