दुमडून कापलेलं

अमळनेरात एप्रिल.
डांबर चपलेला सोडत नाही,
आणि आमचा तांबट पत्र्याच्या सावलीतून उठून
मुद्दाम उन्हात जाऊन बसतो.
"माजलाय," शेजारचे म्हणाले.
मी म्हटलं, म्हातारा झाला.
सहा वर्षांचा तर होता.

केस दिवाळीनंतरच जायला लागले होते.
समोरची सुपडाबाई फाटकातूनच ओरडली,
"तेले खरूज शे वं, घरमा नको घेऊ."
गंधक लावला, करंजाचं तेल लावलं.
तो निमूट उभा,
उंदराची वाटावी अशी शेपटी सोडून,
मयतीला आल्यासारखं तोंड करून.

दवाखान्यात आमच्या आधी दोन म्हशी आणि एक बोकड.
पावरा डॉक्टरीणबाईंनी हात धुतले, विचारलं,
"खाजवतो का?"
मी आठवत राहिले.
नाही. एकदाही नाही.

मग मलाही दिसलं:
दोन्ही कुशींवरचं टक्कल अगदी सारखं,
कापड दुमडून एकाच कात्रीत कापावं तसं.
तीस वर्षं ब्लाउज बेतते मी,
आणि हे दिसलं नव्हतं.

काळी पडलेली कातडी ब्लेडने खरवडून त्यांनी काचेवर घेतली.
किडा नाही.
"उन्हात बसतो? या उन्हात?"
पेन थांबलं.

रक्त थर्मासात, बर्फात, नाशिकच्या गाडीने गेलं.
"एक आकडा उतरला म्हणून लगेच गोळी नाही.
दुसऱ्या दुखण्यानेही तो उतरतो.
जोडीचा चढलेला हवा."
चढलेला होता.
"गळ्यातली शेगडी विझत आलीय त्याची,
म्हणून बाहेरची शोधतोय."

थायरॉइडची तीच गोळी मीही घेते, चहाआधी.
मेडिकलवाल्या चुडामणने चिठ्ठी उजेडात धरली,
"ताई, आकडा चुकलाय. तुमच्या पाचपट?"
चुकला नव्हता.
कुत्र्याचं अंग ती भराभर उधळतं.
सकाळ-संध्याकाळ, रिकाम्या पोटी,
जन्मभर.

आधी होते नव्हते तेही केस गळाले.
सुपडाबाईने मान हलवली.
दीड महिन्याने पुन्हा रक्त, अर्धी गोळी कमी.
नवरात्रात कुशी भरल्या, जरा गडद रंगाच्या,
ठिगळ लावल्यासारख्या.

पण माझ्या लक्षात आहे तो गोळीचा बारावा दिवस.
भर दुपार, वीज गेलेली.
तांबट उठला, अंगण ओलांडून आत आला,
माझ्या मशीनखालच्या फरशीवर पोट टेकलं
आणि जीभ काढून धापा टाकू लागला.

उकडतंय होय रे तुला?
मी पायडलवरचा पाय उचलला,
त्याला जागा करून दिली.